नव्या धुराड्यापूर्वीं जुन्या भाराचा हिशेब

या मासिकाच्या पानांतून बी-बियाणें, खत, पाटाचें पाणी, ऊंसाचा भाव व बाजारपेठेची व्यवस्था यांची चर्चा नेहमीं होत असते. आज ज्या विषयाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों, तो वरवर पाहतां शेतकीबाहेरचा वाटेल. परंतु ज्याच्या विहिरीचें पाणी एकदां तांबूस झालें, किंवा ज्याच्या कपाशीच्या पानांवर एकदां राखेचा थर बसला, त्याला तो तसा वाटणार नाहीं. धूर ओकणारे, घाण पाणी सोडणारे आणि कचरा जाळणारे कारखाने नेमके कोणाच्या दारीं येऊन उभे राहतात, हा तो विषय होय. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ते बहुधा दुबळ्यांच्या दारीं येतात. हें आपोआप घडत नाहीं. आणि हें थांबवावयाचें तर सरकारी ठराव व आश्वासनें पुरेशीं नाहींत, त्यास कायदेमंडळानें केलेला स्पष्ट कायदाच पाहिजे.

कारखाना काढणारा मनुष्य जागा शोधूं लागला म्हणजे तो तीन गोष्टी पाहतो: जमीन स्वस्त असावी, पाणी व रस्ता जवळ असावा, आणि तक्रार करणारे थोडे असावेत. पहिली व तिसरी गोष्ट बहुधा एकाच ठिकाणीं सांपडते. ज्या वस्तींत वकील नाहीं, वर्तमानपत्राचा बातमीदार फिरकत नाहीं, आणि कचेरींत हेलपाटे घालण्याइतकी रोजगारापासून कोणास उसंत नाहीं, तेथील जमिनीचा भावही उतरलेलाच असतो. एक कारखाना आला कीं तो भाव आणखी उतरतो, आणि भाव उतरला कीं दुसरा येतो. अशा रीतीनें कांहीं वर्षांत त्या भागास औद्योगिक पट्टा असें नांव पडतें, व पुढील प्रत्येक अर्जास तें नांवच शिफारसपत्रासारखें उपयोगीं पडतें.

हा अनुभव केवळ आपल्याच देशाचा नव्हे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नावरील चळवळीचा आरंभ ज्या प्रसंगापासून मानितात, त्यांतील माणसें आपल्यासारखींच खेड्यापाड्यांतील होतीं. १९७८ सालीं उत्तर कॅरोलायना राज्यांत पीसीबी या विषारी रसायनानें दूषित झालेलें रोहित्रांतील तेल सुमारें २४० मैल लांबीच्या रस्त्यांच्या कडेला चोरून ओतून देण्यांत आलें. ती माती खणून पुरावयाची कोठें, असा प्रश्न पडला, तेव्हां राज्यसरकारनें वॉरन परगण्यांतील ॲफ्टन हें ठिकाण निवडलें. परगणा गरीब, शेतीवर जगणारा, व बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीचा. जमिनीखालचें पाणी उथळ, आणि लोक पिणार तें विहिरींचेंच. १९८२ च्या सप्टेंबरांत मातीचे ट्रक येऊं लागले तेव्हां बायामाणसें रस्त्यावर आडवीं झालीं; ५०० हून अधिक लोकांस अटक झाली. तरीही खड्डा भरलाच, आणि त्या मातीचें विष काढून टाकण्याचें काम पुरें होण्यास पुढें सुमारें वीस वर्षें लागलीं.

लढा हरला, पण प्रश्न जागा झाला. १९८३ सालीं अमेरिकन काँग्रेसच्या हिशेबतपासणी खात्यानें आग्नेयेकडील आठ राज्यांची पाहणी केली, तेव्हां धोकादायक कचऱ्याच्या चार खड्ड्यांपैकीं तीन खड्डे कृष्णवर्णीयांच्या बहुसंख्य वस्तींत असल्याचें आढळलें. १९८७ सालीं युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या धर्मसंस्थेच्या आयोगानें साऱ्या देशाची पाहणी करून त्याच दिशेचा निष्कर्ष काढिला. शेवटीं ११ फेब्रुवारी १९९४ रोजीं अध्यक्ष क्लिंटन यांनीं एक आज्ञापत्र काढून, गरीब व अल्पसंख्य वस्त्यांवर प्रदूषणाचा विषम भार पडतो काय, हें प्रत्येक सरकारी खात्यानें पाहावें असें फर्माविलें.

वाचकांनीं येथें थोडें थांबून पाहावें. हें आज्ञापत्र होतें, कायदा नव्हता. तें तीस वर्षें टिकलें, आणि २०२५ च्या जानेवारींत अध्यक्ष ट्रंप यांनीं दुसऱ्या आज्ञापत्रानें तें रद्द केलें. एका सहीनें आलेलें दुसऱ्या सहीनें गेलें. ज्या वस्त्यांनीं त्यावर भिस्त ठेविली होती, त्यांच्या हातीं त्यांतलें कांहीं उरलें नाहीं.

याच्या उलट न्यू जर्सी या लहानशा राज्याचें उदाहरण घ्यावें. तेथील नेवार्क शहरांत आयर्नबाउंड नांवाची जुनी मजूरवस्ती आहे. कचरा जाळण्याची प्रचंड भट्टी, मैलापाण्याचें मोठें शुद्धीकरण केंद्र, बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांची अखंड रांग, हें सर्व तिच्या शेजारीं. तेथील व तशाच इतर वस्त्यांतील लोकांनीं अनेक वर्षें चिकाटीनें प्रयत्न केल्यावर १८ सप्टेंबर २०२० रोजीं गव्हर्नर मर्फी यांनीं एका कायद्यावर सही केली, आणि त्याखालील नियम १७ एप्रिल २०२३ रोजीं अमलांत आले. ज्या गणना-विभागांत किमान ३५ टक्के कुटुंबें अल्प उत्पन्नाचीं आहेत, किंवा किमान ४० टक्के रहिवासी अल्पसंख्य समाजाचे आहेत, किंवा किमान ४० टक्के कुटुंबांस इंग्रजी भाषा नीट येत नाहीं, त्या विभागास कायद्यानें अतिभारित वस्ती मानिलें आहे. मोठे वायुप्रदूषक कारखाने, कचऱ्याच्या भट्ट्या, कचराभूमि, भंगाराचे कारखाने, मोठीं मैलापाणी केंद्रें अशा आठ प्रकारच्या उद्योगांस तो लागू आहे. अशा वस्तींत परवाना मागणाऱ्यानें आधीं तेथें अस्तित्वांत असलेल्या सर्व भाराचा हिशेब मांडावयाचा, तो अहवाल जाहीर सुनावणीच्या किमान ६० दिवस आधीं सरकारास व स्थानिक संस्थेस द्यावयाचा, आणि मग लोकांसमोर उभें राहावयाचें. इतर वस्त्यांच्या मानानें येथील भार अधिक आहे व नवा कारखाना त्यांत भर घालील असें ठरलें, तर नवा परवाना नाकारलाच पाहिजे. अपवाद एकच: त्या वस्तीचीच एखादी अत्यावश्यक गरज त्यानें भागत असेल तर. जुन्या कारखान्यांचा विस्तार किंवा परवान्याचें नूतनीकरण असेल, तर मात्र नकार नाहीं. कडक अटी घालतां येतात.

हा कायदा परिपूर्ण आहे असें आम्ही म्हणत नाहीं. जुनीं धुराडीं त्यानें उखडलीं जात नाहींत. परंतु त्यांत एक विचार आहे, जो आपल्याकडील कोणत्याही कायद्यांत स्पष्टपणें उतरलेला नाहीं. अर्जदाराचा कारखाना एकटा किती घाण करील, एवढेंच तो विचारीत नाहीं. या लोकांच्या डोक्यावर आधींच किती ओझें आहे, हें तो आधीं विचारतो.

आतां आपल्याकडे वळूं. महाराष्ट्र या बाबतींत मागें नव्हता. १९७४ सालीं सबंध देशाकरितां जलप्रदूषणाचा कायदा झाला, त्यापूर्वींच १९६९ सालीं आपल्या राज्यानें स्वतःचा कायदा केला होता. १९८१ सालीं वायुप्रदूषणाचा व १९८६ सालीं पर्यावरण संरक्षणाचा कायदा झाला. पण या सर्वांची रीत एकच: प्रत्येक कारखान्यास वेगळें संमतिपत्र, प्रत्येकाच्या धुराड्यास व मोरीस वेगळी मर्यादा. नदी-ओढ्यांत सोडावयाच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा जैविक प्राणवायु मागणीच्या बाबतींत दर लिटरास ३० मिलिग्रॅम आहे. ही मर्यादा ठरविण्यांत, पात्रांत दुसरें स्वच्छ पाणी आहे व तें हें पाणी पातळ करील, हें गृहीत आहे. परंतु ज्या ओढ्याला होळीनंतर स्वतःचें पाणीच नसतें, त्यांत दहा कारखान्यांनीं आपापल्या मर्यादेंत राहून पाणी सोडलें, तर ओढा म्हणून जें वाहतें तें सर्व सांडपाणीच. कागदावर दहाही कारखाने निर्दोष. खालच्या गांवची विहीर मात्र गेली. दोष कोणाचा, हें विचारावयास त्या गांवकऱ्यानें जावें कोठें? कायद्याच्या दृष्टीनें त्याचा अपराधी अस्तित्वांतच नाहीं.

सरकारास हें ठाऊक नाहीं असें नव्हे. २००९ सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें देशांतील ८८ औद्योगिक समूहांचा सर्वांगीण निर्देशांक काढिला. त्यांत ७० अंकांवरील ४३ ठिकाणें अतिप्रदूषित ठरलीं. त्यांत आपल्या राज्यांतील पांच होतीं: चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई व तारापूर. चंद्रपुराचा अंक ८३.८८ होता. म्हणजे एका ठिकाणच्या सर्व भाराची बेरीज करण्याची विद्या आपल्याजवळ आहे. त्या आधारावर २०१० च्या जानेवारींत अशा ठिकाणीं नव्या प्रकल्पांस तात्पुरती बंदीही झाली. परंतु ती केवळ सरकारी आदेशानें असल्यामुळें, सुधारणेचे आराखडे कागदावर सादर होतांच ठिकठिकाणीं टप्प्याटप्प्यानें उठली. २०१८ च्या मोजणींत तारापुराचा अंक उतरण्याऐवजीं ९० च्या वर गेला.

दुसरें उदाहरण शेतकऱ्यांस अधिक जवळचें आहे. २००० सालीं महाराष्ट्र सरकारनें नद्यांच्या प्रती ठरवून, कोणत्या प्रतीच्या नदीपासून किती अंतराच्या आंत कोणता कारखाना असूं नये, याचें धोरण जाहीर केलें. २००९ सालीं त्यांत सुधारणा केली. पंधरा वर्षें उद्योगपतींनीं त्याविषयीं कुरकुर केली, आणि २०१५ च्या फेब्रुवारींत तें धोरण रद्द झालें. विधिमंडळाची संमति न मागतां हें होऊं शकलें, कारण तो कायदा नव्हता. अमेरिकेंतील १९९४ चें आज्ञापत्र व आपलें नदी-धोरण या दोहोंची कथा एकच आहे. जें मर्जीनें मिळतें, तें मर्जीनें जातें. कायदाही बदलतां येतो, हें खरें. पण तो बदलावयाचा तर विधेयक आणावें लागतें, भर सभेंत बाजू मांडावी लागते, आणि कोणी हात वर केला हें मतदारांस कळतें.

या सर्वांत भार सोसणारे कोण आहेत? मुंबईंत माहुल येथें तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांलगत पुनर्वसनाच्या इमारती बांधून, जलवाहिनीच्या कडेच्या झोंपड्या पाडलेल्या कुटुंबांस तेथें नेऊन ठेविलें. लोकांचे श्वास कोंडूं लागले. प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें. २०१९ सालीं न्यायालयानें त्या कुटुंबांस अन्यत्र घरें द्यावीं, नाहीं तर भाड्यापोटीं दरमहा १५,००० रुपये द्यावे असें सांगितलें. येथें धुराडें गरिबांच्या दारीं आलें नाहीं. गरिबांसच उचलून धुराड्याच्या दारीं नेलें. २०२२ च्या जुलैंत नागपुराजवळ खसाळा येथील औष्णिक वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्याचा बांध अतिवृष्टींत फुटला आणि राखेचा चिखल आसपासच्या शेतांत व नदींत शिरला. वीज साऱ्या महाराष्ट्रानें वापरावी, आणि राख खसाळ्याच्या शेजाऱ्यांच्या पेरणीवर पडावी, असा हा न्याय आहे.

येथपर्यंत वाचून आमचे बागाईतदार वाचक मान डोलवतील. परंतु प्रामाणिकपणा असा कीं, पुढील गोष्टही आम्हीं सांगितली पाहिजे. आपल्यापैकीं पुष्कळ जण सहकारी साखर कारखान्यांचे सभासद आहेत. साखरेच्या जोडीला आसवनी आली, आतां इथेनॉलही आलें. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढतांना सुमारें ८ ते १५ लिटर काळें-तपकिरी पाणी मागें उरतें. त्याचा बंदोबस्त कारखान्याच्या आवारांतच झाला पाहिजे, ओढ्यांत एक थेंब जातां कामा नये, असा दंडक आहे. तो सर्वत्र व सर्वकाळ पाळला जातो, असें छातीवर हात ठेवून किती सभासद म्हणूं शकतील? पहिल्या पावसाच्या रात्रीं हौदाची झडप उघडली जाते, हें गांवांत कोणास ठाऊक नसतें? आणि तें पाणी प्रथम कोठें जातें? कारखाना वरच्या अंगाला, सभासदांचे मळे कालव्यावर. ओढ्याच्या खालच्या अंगाला दलितवस्ती, ऊंसतोड्यांच्या कोप्या, आणि ज्यांची एकच विहीर आहे असे कोरडवाहू शेतकरी. वार्षिक सभेंत आपण भावाविषयीं तासभर भांडतों. हौदाविषयीं प्रश्न विचारणारा विरळा. तसेंच, गांवाच्या हद्दींत कचरा टाकण्याची जागा किंवा हाडांचा कारखाना येणार असला, तर तो "तिकडे, वस्तीपलीकडे" जावा असें सुचविणारा आवाज बहुधा जमीनदारांचाच असतो. न्यू जर्सींतील श्रीमंत उपनगरांनीं केलें तें याहून निराळें नव्हतें. म्हणून आम्हांस जो कायदा हवा आहे, तो आम्हांसही बांधील असा हवा आहे. तो आपणांस सोडून इतरांस लागू व्हावा असें कोणी म्हणेल, तर त्याचें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं.

या मागणीवर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, कारखाने अडविले तर गरिबांचाच रोजगार बुडेल. यास उत्तर असें कीं, कारखाना नको असें कोणी म्हणत नाहीं. आधींच वाकलेल्या पाठीवर आणखी पोतें नको, एवढेंच म्हणणें आहे. शिवाय ज्याची विहीर जाते, जमीन खारवते व जनावरें आटतात, त्याचा जुना रोजगार निश्चित बुडतो. नवा मिळाला तर बहुधा ठेकेदाराच्या हाताखालीं रोजंदारीचा. दुसरा आक्षेप असा कीं, कायदे पुष्कळ आहेत, त्यांची अंमलबजावणी करावी म्हणजे झालें. अंमलबजावणी हवीच, परंतु जो कायदा एकेका मोरीकडेच पाहतो, तो कितीही कसोशीनें पाळला तरी सगळ्या ओढ्याचें रक्षण करणार नाहीं. त्यांत २०२३ च्या दुरुस्तीनें वायुप्रदूषण व पर्यावरण या कायद्यांतील बहुतेक अपराधांची कैद काढून १०,००० ते १५ लाख रुपयांचा दंड ठेविला आहे. मोठ्या कारखान्यास तो खर्चाच्या बाबींत घालून मोकळें होतां येतें. घाण झाल्यावर दंड घेण्यापेक्षां जागा देण्यापूर्वींच विचार करणें म्हणूनच अगत्याचें झालें आहे. तिसरा आक्षेप आपल्याच लोकांचा आहे: माझी जमीन मीं कोणास विकावी, यांत कायद्यानें कां पडावें? जमीन अवश्य विकावी. पण तिच्यावरून वाहणारें पाणी व तिच्यावरचा वारा विकण्याचा अधिकार सातबाऱ्यावर कोणाच्याच नांवें नोंदलेला नाहीं.

मग कायद्यांत काय असावें? प्रथम, प्रत्येक तालुक्यांतील गांवांच्या पाण्याची, हवेची, जमिनीची व अस्तित्वांतील कारखान्यांची भारनोंद ठेवावी, आणि ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठींत लागावी. दुसरें, भूमिहीन कुटुंबें, अनुसूचित जाती व जमाती, आणि पिण्याच्या पाण्यासाठीं विहिरीवांचून दुसरी सोय नसणारीं घरें यांचें प्रमाण पाहून अतिभारित गांवें ठरविण्याची कसोटी विधिमंडळानें कायद्यांतच लिहावी. ती अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोडूं नये. अमेरिकेची कसोटी वर्णाची व भाषेची आहे. आपली आपल्या समाजाकडे पाहून घडवावी लागेल. तिसरें, अशा गांवांत नव्या प्रदूषक कारखान्यास नकार हा नियम व परवानगी हा अपवाद असावा, आणि अपवादाचीं कारणें लेखी द्यावीं. चौथें, जाहीर सुनावणी गांवांतच, दोन महिन्यांच्या सूचनेनें व्हावी. औद्योगिक वसाहतींतील प्रकल्पांस २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनें सुनावणींतून जी सवलत मिळते, ती अतिभारित भागांत मिळूं नये. पांचवें, नदीपासूनच्या अंतराचे जे नियम २०१५ सालीं गेले, ते या कायद्यांत परत यावे. आणि सहावें, खाजगी, सरकारी व सहकारी असा भेद त्यांत कोठेंही नसावा.

यांतील कोणतीही गोष्ट अशक्य नाहीं. लोकांस विचारून निर्णय घेण्याची रीत आपल्या देशांत अगदीं नवीही नाहीं. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर ओडिशांतील नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनीं आपल्या डोंगरावरील खाणीस एकमुखानें नकार दिला, आणि तो मानला गेला. त्या आदिवासींपाशीं वनहक्काचा २००६ चा कायदा होता, म्हणून त्यांच्या नकारास किंमत आली. ओढ्याच्या खालच्या अंगाच्या वस्तीपाशीं असा कोणता कायदा आहे?

आमच्या मंडळाच्या सभासदांस आमची विनंति इतकीच आहे. येत्या ग्रामसभेंत या कायद्याच्या मागणीचा ठराव मांडावा, व त्याची प्रत आपल्या आमदारांकडे पाठवावी. ठराव मांडतांना ओढ्याच्या खालच्या अंगाच्या लोकांस पुढें बसवावें आणि प्रथम त्यांस बोलूं द्यावें. आणि जे सहकारी कारखान्यांचे सभासद आहेत, त्यांनीं पुढील वार्षिक सभेंत भावाच्या प्रश्नाआधीं हौदाचा प्रश्न विचारावा. त्याचें उत्तर काय मिळालें, हें आम्हांस कळविल्यास या मासिकांत त्यास अवश्य जागा देऊं.